आजीच्या आईचं नाव

"माझी आजी रुकय्या. तिची आई खैरुन्निसा. दोघी मुरूडच्या किनाऱ्यावर जन्मल्या, तिथंच गेल्या. मराठीत भांडल्या, मराठीत रडल्या. तरी बाजारात त्यांचे केस बघून लोक विचारायचे, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

सिंगापूरच्या तांजोंग पगारमधल्या एका जुन्या शॉपहाउसच्या, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा इमारतीच्या, माडीवर अमीना सिद्दीचं नाटक चालू होतं. लिहिलेलंही तिनंच, रंगमंचावरही ती एकटीच. साठ खुर्च्या होत्या, सगळ्या भरलेल्या.

शेवटच्या रांगेत तिचे वडील निजाम बसले होते. जहाजावरचे चीफ इंजिनियर. आपले पूर्वज आफ्रिकेतून कोकणात आले, हा विषय त्यांनी टॅम्पिनीसच्या घरात कधी निघू दिला नव्हता. शाळेत पोरं त्यांना 'हबशी' म्हणून हाका मारायची. अमीनानं नाटकासाठी घरातल्या जुन्या माणसांची माहिती विचारली, तेव्हाही ते "मला काही आठवत नाही" म्हणून उठून गेले होते.

अमीना दोन पावलं पुढं आली.

"खैरुन्निसाच्या आईचं नाव मला सापडलं नाही. कुठल्याच कागदावर ते नाही. म्हणून तिच्यासाठी मी नुसती थांबते."

ती थांबली. कुणी खोकलंही नाही.

"हवा," मागून आवाज आला.

निजामांना गुदमरतंय असं शेजारच्या साधनाताईंना वाटलं. "एसी वाढवायला सांगू का?" त्या कुजबुजल्या.

निजाम उभे राहिले. "नाव आहे ते. हवा. माझ्या आजीची आई."

अमीनाला पुढचं वाक्य आठवेना. "अब्बा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," ते म्हणाले. "सहा फूट उंच. वादळात सापडलेली होडी तिनं एकटीनं वल्हवत किनाऱ्याला लावली होती. आत सात माणसं. आजी रोज सांगायची. ते ऐकूनच मी दर्यावर गेलो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

निजामांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"वर या, अब्बा," अमीना म्हणाली. "मला इथवरच माहीत होतं. पुढचं तुम्ही सांगा."

खुर्च्यांमधून वाट काढत ते रंगमंचावर चढले. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मिस लिमना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. त्यांनी अमीनावरचा दिवा हळूच निजामांवर वळवला. काळा, रुंद, घामानं चमकणारा चेहरा साठ माणसांनी नीट पाहिला.

अमीनानं विंगेतून खुर्ची आणून ठेवली. निजामांनी ती हातानं बाजूला सारली.

"तिच्याविषयी उभ्यानंच बोलतो," ते म्हणाले.