‘डान्स’ या शब्दाचे अर्थ

१९५६ साली नागपूरहून आलेल्या इंदूच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. जयपूरला आदर्श नगरात तिचं माहेर माझ्या घराशेजारीच. इथेच ती कथक शिकली. तिने लिहिलं होतं, ‘काका, इथल्या मुलींच्या शाळेत मला डान्स शिकवायला बोलावलंय. मामंजी म्हणतात, आमच्या सुनेनं नाच शिकवायचा? तुम्ही इंग्रजीचे प्राध्यापक. डान्स म्हणजे काय, ते त्यांना दोन ओळींत समजावून सांगा. तुमचं ते ऐकतील.’

मी कोश उघडले. ‘नाच’ लिहिलं आणि खोडलं. ‘नृत्य’ लिहिलं, तर ते फारच सोवळं वाटलं. मग दिव्याच्या ज्योतीचं नाचणं, मधमाश्यांचं नाचणं, एखाद्याला नाचवणं, असं करता करता अकरा पानं झाली. तरी दिल्लीहून आणखी एक कोश यायचा होता. तोवर शाळेने दुसरी बाई नेमली.

आठ वर्षांनी इंदू माहेरी आली, तेव्हा मी संकोचत ती पानं तिच्यापुढे ठेवली.

“अगंबाई, एवढी?” ती हसली. “दोनच ओळी मागितल्या होत्या हो काका. आता मामंजीही राहिले नाहीत.”

अंगणात तिची सहा वर्षांची मुलगी गिरक्या घेत होती. इंदू एकदम तिच्यावर ओरडली, “पुरे झाला तो नाच! चांगल्या घरच्या मुली असं करत नाहीत.”

ती नागपूरला परतली, त्याच दिवशी मी पत्र टपालात टाकलं: ‘इंदू, तिला नाचू दे. कुणी विचारलं, तर काकांनी सांगितलंय म्हण.’