शालीचा रंग

“शालीचा रंग सांगा,” म्हातारा फोटोग्राफर म्हणाला. काडीला कापसाचा बोळा गुंडाळून तो फोटोत रंग भरायच्या तयारीत बसला होता.

समोर बसलेल्या बाईचं घोडं अडलं होतं ते तिथेच. मावशी शपथेवर सांगायची, मोतिया. दादा म्हणायचा निळी, आणि दादा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. बाबांनी तर त्या शालीपायी घरातल्या सगळ्या पेट्या तीनदा उपसल्या होत्या. शाल काही मिळाली नाही.

आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. तिच्या वाट्याला आला तो हा एवढा एक फोटो. काळ्या-पांढऱ्यातली आई, खांद्यावर मऊ राखाडी शाल आणि तोंडभर हसू. त्या काळी फोटो काढताना माणसं कशी, दात दुखत असल्यासारखी बसायची. मग आईच का हसली? जन्मभर तिने स्वतःला हे विचारलं होतं. आता तिला आई एकदा, एकदाच, रंगांत बघायची होती. फोटोच्या मागे या स्टुडिओचा शिक्का होता, म्हणून ती इथे आली होती.

“मोतिया घाला,” ती म्हणाली. “मावशी मोठी आहे, तिचं ऐकू.”

म्हाताऱ्याने फोटोवर भिंग धरलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

“ही शाल तुमच्या आईची नव्हे, ताई. आमची आहे. स्टुडिओची.”

“तुमची?” तिने विचारलं.

“इथे खुंटीला असायची. गिऱ्हाइकाचे कपडे साधे असले की पांघरायला द्यायचो. फोटोत अशी झकास यायची! प्रत्यक्षात भडक पोपटी, वर नारिंगी काठ. बायका नाकं मुरडायच्या. तुमची आई एकटीच हसत सुटली. म्हणाली, ‘अहो, या अवतारात घरी गेले तर दार उघडायचे नाहीत.’ मी म्हटलं, वहिनी, फोटोत रंग दिसायचा नाही. तर म्हणाली, ‘शब्द द्या.’ दिला. तिला पुन्हा हसू फुटलं, आणि मी बटण दाबलं.”

ती रंग न्यायला आली होती, आणि आईचं बोलणं मिळालं होतं. आजवर तिच्याकडे आईचं एक वाक्यही नव्हतं.

“पोपटी म्हणजे किती पोपटी?”

म्हाताऱ्याने दुकानभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या बादलीवरच्या प्लास्टिकच्या मगाकडे बोट दाखवलं. “त्याच्याहून भडक.”

तिने तो मग पाहिला आणि तिला हसू आवरेना. डोळे पुसत ती कितीतरी वेळ हसत राहिली.

म्हाताऱ्याने हिरव्या रंगाच्या बाटलीचं झाकण फिरवलं. “चला, रंग तर कळला. भरतो आता.”

तिने त्याच्या पुढ्यातला फोटो अलगद आपल्याकडे ओढला.

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही तिला शब्द दिलाय.”