एकच केबिन

"दोन केबिन लागतील. प्रत्येकीत एक मोठं माणूस हवंच, म्हणून मॅडम आणि मुलगी इकडे, सर आणि मुलगा समोर," क्रूझचा एजंट म्हणाला.

"आणि लाइफबोट?" इरावतीने विचारलं.

"ती केबिनप्रमाणे ठरते. तुमची डावीकडची, त्यांची उजवीकडची."

"वेळ आलीच, तर तुम्ही दोघी पुढे व्हा," नवरा हसत म्हणाला. "आम्ही आलोच मागून."

इरावतीने मांडीवरच्या मुलाचं मनगट घट्ट धरलं. तिच्या लहानपणी कृष्णेच्या पुरात तिला आणि आईला नावेत बसवून बाबाही हेच म्हणाले होते, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. त्यांची नाव काठाला लागलीच नाही.

"आम्हाला एकच केबिन द्या."

"एकीत चौघं मावणार नाहीत, मॅडम."

"मावू," ती म्हणाली. "तेव्हाही मावलो असतो."