भोकाचा भाव

ममताताईंनी गोधडी उजेडात धरली, उलटली, पुन्हा सुलटी केली. भोकं सापडेनात.

"आजी, इथे फाटलेलं होतं ना?"

"व्हतं ना माय," भिकुबाई खुशीत म्हणाली. "आख्खा हात जाई इतलं व्हतं. आते शोधी दखाड."

ममताताईंचं पुण्यात दुकान. गावोगाव फिरून त्यांनी जुनी लुगडी जमवली होती, मुद्दाम फाटकी, विरलेली. गठ्ठा ब्राह्मणपुरीला भिकुबाईकडे आला, आणि तिच्या सुनेला, शीलाला, फोन आला: फाटलेला भाग वर दिसू द्या. शीलाने निरोप सांगितला, पण भिकुबाईला तो खरा वाटला नाही; तिने गठ्ठा सोडला आणि कपाळावर हात मारला. एवढी शिकलेली बाई, आणि कुणीतरी तिच्या गळ्यात चिंध्या मारल्या! मग दीड महिना तिने प्रत्येक लुगड्याच्या काठाआडून त्याच रंगाचा दोरा ओढला आणि एकेक भोक विणून काढलं. सत्तरीच्या डोळ्यांनी. थर घालून गोधड्या शिवल्या त्या त्यानंतर, आणि आज ममताताई त्या बघायला आल्या होत्या.

"काम सुंदरच आहे हो, पण हे नव्यासारखं दिसतंय," ममताताई म्हणाल्या. "आमच्या लोकांना जुनेपणा हवा असतो. भोकातून खालचा थर दिसला पाहिजे. त्यालाच तर भाव आहे."

जुनं ते सोनं, हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. भोकालाही सोन्याचा भाव येतो हे भिकुबाईला सत्तराव्या वर्षी कळलं.

ही ऑर्डर शीलाने मिळवली होती. या बारा गोधड्या पसंत पडल्या तर दिवाळीपर्यंत आणखी पन्नास. गल्लीतल्या सहा बायकांना तिने कामाचा शब्दही देऊन टाकला होता.

"आत्याबाई, रफू तेवढं उसवी टाकू. दोन दिवसनं काम शे. त्यास्ले तसंच आवडस."

"नही."

"आपलं काय जास? गोधडी त्यास्नी."

"गोधडी त्यास्नी, हात मन्हा."

ममताताई हसल्या. माणसं समजावायची त्यांना सवय होती. "आजी, फार नको. एकेका गोधडीत दोन-तीन भोकं. मीच करून दाखवते." पर्समधली छोटी कात्री काढून त्या ओट्यावर बसल्या. रफूची जागा त्यांना सापडेना, तेव्हा शीलानेच गोधडीतल्या हिरव्या लुगड्यावर बोट ठेवलं. सासूकडे तिने पाहिलं नाही.

भिकुबाईला राग आला. तिने कात्रीवर हात ठेवला.

"थांब माय. फाटेल गोधडी आमनाकडे कोन्ले देतस, माहीत शे का? मढाले. आंगखाले टाकतस आनि मसनमा फेकी येतस. जित्ता मानूसना आंगवर फाटेल घालतस नही."

"अहो आजी, आमच्याकडे असलं काही मानत नाहीत."

"मंग सोपं शे." भिकुबाईने हात उचलला. "तुन्हा घरमा कोन कोन शे? एकनं नाव सांग. जेन्हा आंगवर हाई गोधडी घालशी, तेन्हं. नाव ली आनि काप. मी हात धरनार नही."

ममताताईंनी कात्री उघडली. घरात नवरा होता, आई होती, चौथीतली मुलगी होती. कात्री उघडीच राहिली.

शीलाने गोधडीवरचं बोट काढून घेतलं.

"सांग ना माय," भिकुबाई म्हणाली. "माले घाई नही."