उलटा पीळ

सोनेरी कागद बोटांत आला आणि फस्सकन चपटा झाला. आत काहीच नव्हतं.

मार्गितने झाडावरचं दुसरं सालोनत्सुकोर चाचपलं. तेही पोकळ. तिसरंही पोकळ! नाताळात झाडाला टांगलेली ही चॉकलेटं गुपचूप खायची, कागद पुन्हा फुगवायचा, दोन्ही टोकांना पीळ द्यायचा आणि साळसूदपणे फिरायचं, हे आमच्याकडे कुठल्या घरात होत नाही? चोरी उघडकीला येते ती अशी, जानेवारीत झाड उतरवताना. मार्गितच्या आईच्या काळी कागद पातळ असायचा, कात्रीने झालर कापलेला. आतलं गेलं की तो लगेच मान टाकायचा. पुढे कारखान्याचा कडक, चकचकीत कागद आला आणि चोरांचं फावलं. मार्गितने त्याच कारखान्यात उभा जन्म चॉकलेटं गुंडाळली. आणि तिच्याच झाडावर दरवर्षी डल्ला!

डल्ला मारणारं काही कुक्कुलं बाळ नव्हतं. तिशीचा घोडा, रेल्वेचं इंजिन चालवणारा, तिचा मुलगा तिबी.

मार्गितच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिबीऽऽ! गाढवा, यंदाही? ये, समोर ये आधी!"

हाक घरभर घुमली. मग तिला आठवलं.

तिबीला गेल्या मार्चमध्येच पुरलं होतं. अपघात झाला होता. तेव्हापासून ती रडली नव्हती. त्याचं नाव तिने एकदाही काढलं नव्हतं. नवऱ्याने, बालिंटने, काढलं तर ती उठायची आणि भांडी घासायला लागायची. घासलेलीच भांडी. झाडसुद्धा तिने हट्टाने सजवलं होतं, जसं काही झालंच नाही.

ती हातातल्या कागदाकडे बघत राहिली. तिबी डावखुरा, त्याचा पीळ नेहमी उलटा असायचा. हा पीळ सुलटा होता. जाड, थरथरत्या बोटांनी दिलेला.

"बालिंट! अरे, डॉक्टरने गोड बंद केलंय ना? आता तुलाही जायचंय का मला सोडून?"

बालिंट दारातच उभा होता. कधीपासून, कोण जाणे. त्याने कोटाचा खिसा टेबलावर उलटा केला. उघडी चॉकलेटं घरंगळली. सगळ्यांना तंबाखूचा चुरा चिकटलेला.

"एकही खाल्लं नाही गं," तो म्हणाला. "पण या घरात त्याला कोणी हाकच मारत नव्हतं. मला ती एकदा ऐकायची होती."

मार्गित मटकन खाली बसली. आणि मग रडली, ओक्साबोक्शी रडली, सगळे महिने एकदम. बालिंटने तिला गप्प केलं नाही. तोही तिच्या शेजारी फरशीवर बसला आणि बाहीने नाक पुसत राहिला.

बऱ्याच वेळाने ती उठली. एक रिकामा कागद घेऊन तिने त्यात हलकेच फुंकर घातली. टोकांना पीळ दिला, उलटा. आणि तो पुन्हा फांदीला टांगला.

"अगं, झाड उतरवतेयस ना?" बालिंट म्हणाला.

"हे राहू दे," ती म्हणाली. "हे तिबीने खाल्लंय."