तोताराम आबांचा सहावा डबा

"हात छातीवर ठेवा. आता उठा, आबा," सविता म्हणाली.

तोताराम आबा खुर्चीतून अर्धे उठले, थरथरले आणि धपकन बसले. पाचदा उठायचं होतं. एकदाही जमलं नाही. सविताने वहीत शून्य लिहिलं आणि प्रोटीन पावडरचा सहावा डबा त्यांच्या हाती दिला.

अमळनेरजवळच्या त्या गावात सविताच्या संस्थेचं शिबिर महिन्यातून एकदा भरायचं. नियम दोनच. अशक्त म्हाताऱ्यांनी स्वतः यायचं आणि पाचदा उठता आलं की डबा बंद. बाकीच्यांचे डबे केव्हाच बंद झाले. आबांच्या बाबतीत मात्र पालथ्या घड्यावर पाणी. नोकरीचं पहिलंच वर्ष, त्यामुळे सविताच्या मनाला ते फार लागलं. पावडर घेण्यात काही चुकतंय का, ते बघायला ती दुपारी त्यांच्या घरी निघाली.

गल्लीच्या नळावर आबा दिसले. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, चाल ताठ.

"आबा! मला फसवलंत?"

आबांनी बादल्या खाली ठेवल्या. "म्हातारीसाठे करं, ताई. द्रौपदाले उंबरा बी वलांडता येस नही. तुमना नियम, येनारालेच डबा. मंग मी काय करू?"

सविताचा राग विरला. उलट त्या नियमाचीच तिला लाज वाटली.

"फरक पडला का त्यांना?"

"कसाना फरक! रोज इचारस, पावडर घिदी का. हो म्हनस. तरी वाळतच चालनी."

"दुधात किती चमचे घालता?"

"ते तिलेच माहीत." चुलीपाशी जाऊन डबे उघडणारा गडी त्या घराण्यात झालाच नव्हता.

आबा नळावरच थांबले. सविता एकटी आत गेली. द्रौपदाबाई बसल्या जागी भाकरी थापत होत्या. दंड अगदी काडीसारखे.

"अक्का, खरं सांगा. पावडर घेता ना?"

द्रौपदाबाईंनी दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"एक चमचा बी नही, ताई. डबा त्यासना नावना, आनि ते माले पी म्हनतस. गावन्या बाया सांगतस, आबाले खुर्चीवरनं उठता येस नही, दर महिनाले शून्य. मंग मन्हा घशाखाले कशी उतरी? सारी पावडर त्यासनाच भाकरीमा टाकस मी."