चर्चमधली अनवाणी बाई

छपरावरचे शिशाचे पत्रे चोरीला गेल्यापासून बर्मिंगहॅमजवळच्या त्या खेड्यातलं चर्च सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या टॉमलिनचा कोणावरच भरवसा उरला नव्हता. त्यात ही सुचेता. दर शनिवारी मुलीला शेजारच्या हॉलमध्ये पियानोच्या क्लासला सोडायची, दाराबाहेर बूट काढायची आणि चर्चमध्ये अनवाणी फिरायची. पावलांचा आवाज नाही. मधूनच वाकून फरशी चाचपायची!

आज तो दारापाशी दबा धरून उभा राहिला. तीस वर्षं दर रविवारी तो इथेच उभा राहून प्रार्थनेची पुस्तकं वाटत आला होता. गावाचा इतिहास लिहिताना स्वतःच्या मूळ पुरुषाची कबर काही सापडली नव्हती, निदान चोर तरी सापडेल.

"बूट का काढता?" त्याने दरडावलं.

सुचेता दचकली. "फरशीखाली माणसं पुरलीत ना? वर नावं आहेत. चुकून पाय लागला, तर निदान बुटाचा तरी नको. सगळी नावं वाचली मी. एकच वाचता येत नाही."

"कुठलं?"

"तुम्ही उभे आहात तिथलं. पार झिजलंय. बोटं फिरवली, तेव्हा नुसतं 'टॉमलिन' लागलं."

टॉमलिनने एक पाय उचलला. तो कुठे ठेवावा, ते त्याला कळेना.